त्याआधी हातात काय होतं

सोमवार, ५ जानेवारी

वही आणली. रेघांची नव्हती, चौकटींची होती, म्हणून चौकटींची. लिहायला सांगितलंय म्हणून लिहितेय, हौस म्हणून नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी गृहपाठ!

समुपदेशक बाई म्हणाल्या, रोज लिहा, खरं लिहा, मी वाचणार नाही. वाचणार नसाल तर मी खरं लिहिलं का खोटं, हे तुम्हाला कळणार कसं, असं मी विचारलं. त्या नुसत्या हसल्या. मग म्हणाल्या, फोन उचललात की वेळ टिपा, आणि त्याआधी हातात काय होतं तेही टिपा. किती वेळ बघितला ते नको, का बघितला तेही नको. हातात काय होतं, एवढंच.

हे सगळं ताईचं कारस्थान. मागच्या महिन्यात तिच्याकडे जेवायला गेले होते. ताटं वाढलेली, आणि मी हात धुवायला म्हणून न्हाणीघरात गेले ती सव्वा तासाने बाहेर आले. आत बसून एका परक्या माणसाला शिलाई मशीनचं शटल, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी बसते तो भाग, कसं काढायचं ते समजावत होते. बिचारा आईचं मशीन उघडून बसला होता, स्क्रू सगळे जमिनीवर. त्याला तसाच सोडून जेवायला बसू? बाहेर घरातली सगळी रांगेत. भावोजींनी दार वाजवलं, ताईने वाजवलं, शेवटी भाचीने दाराखालून चिठ्ठी सरकवली, ‘मावशी, जिवंत आहेस ना?’ मी तिच्यावरच ‘हो’ लिहून परत सरकवली. सगळे हसले. ताई नाही हसली. ताई नर्स आहे, तिने या समुपदेशक बाईंची वेळच घेऊन टाकली.

मंगळवार, ६ जानेवारी

आज फोन ६१ वेळा उचलला. फोनच सांगतो, चुगलखोर कुठला.

आता बाईंचा गृहपाठ. सव्वानऊ, हातात चहा. नऊ चाळीस, हातात काही नाही. दहा दहा, हातात तेलाची बुधली. साडेअकरा, हातात गणवेशवालीचं मशीन (शाळेचे गणवेश शिवते ती), खालचा भाग बंद करत होते. पावणेबारा, तेच मशीन. बारा, तेच. पुढचं लिहायचा कंटाळा आला.

व्यसन म्हणे! लोक जुगार खेळतात, नको ते बघत बसतात. मी काय करते? ‘दुरुस्ती कट्टा’ नावाची जागा आहे, तिथे माणसं आपापल्या बिघडलेल्या वस्तूंचे फोटो टाकतात आणि आम्ही जाणकार उत्तरं देतो. उत्तर लागू पडलं की विचारणारा हिरवी खूण करतो. माझ्या नावावर चार हजार दोनशे खुणा आहेत. शिलाई मशीनच्या विभागात माझ्या वर फक्त दोघं. मी लोकांच्या उपयोगी पडते आणि माझीच समुपदेशकाकडे वरात. वा रे न्याय.

बाबांना हे कट्टा प्रकरण फारसं माहीत नाही. त्यांना वाटतं मी दुकानाच्या गिऱ्हाइकांशी बोलते.

शुक्रवार, ९ जानेवारी

सकाळी सकाळी गणवेशवाली आली, डोळ्याखाली पट्टी. मी म्हटलं, अहो, हे काय? तिने मशीन टेबलावर दाणकन ठेवलं. “परवा तुमच्याकडून नेलं. काल दुपारी सुई मोडली आणि टोक इथे. अर्धा इंच वर असतं तर डोळाच गेला असता माझा.”

उघडलं. शटलच्या कडीचा स्क्रू हातानेच फिरत होता. कुणी आवळलेलाच नाही. सुई तिथेच आपटणार, दुसरं काय होणार? मग चिंधी बघितली. टाके निळे.

चिंधीचं सांगायला हवं. आमच्या दुरुस्तीच्या दुकानात उघडलेलं मशीन जो जोडून बंद करतो तो पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर दोन ओळी टाके घालून बघतो आणि ती चिंधी मशीनबरोबरच गिऱ्हाइकाला देतो. बाबांचा दोरा निळा, माझा लाल. मी एकोणिसाव्या वर्षी दुकानात बसायला लागले तेव्हा बाबांनीच ही पद्धत काढली. म्हणाले, शाबासकी असो नाहीतर शिव्या, ज्याच्या त्याला मिळायला हव्यात. एरवी काम दोघांचं असतं. मशीन आलं की बाबा आधी निळ्या दोऱ्याने चार टाके घालून त्याचा आवाज ऐकतात, मग उघडतात, साफ करतात. पुढची जुळवणी आणि बंद करणं बहुतेक मी करते.

मला वाटत होतं हे मीच बंद केलं. पण दोरा निळा, म्हणजे मी फोनवर असताना बाबांनीच उरकलं असणार.

बाबांनी चिंधी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, उलटसुलट बघितली. म्हणाले, “निळाच आहे.” मग गणवेशवालीपुढे हात जोडले. शहात्तर वर्षांचा माणूस. “बाई, माझ्याकडून राहिलं असेल.” तिने घाईघाईने त्यांचे हात खाली केले. बाबांकडून मशीन दुरुस्त करून घ्यायची तिची ही तिसरी पिढी.

मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला. दिसत नाही तर सांगायचं ना.

सोमवार, १२ जानेवारी

आज ५८.

बाबा थकलेत, हे मला आधीच कळायला हवं होतं. खुणा होत्याच. आता हेच बघा, ऑगस्टमध्ये मी दोन रिळं एकदम आणली, एक निळं, एक लाल. तेव्हापासून निळी दोन संपली, तिसरं चालू आहे. माझं लाल अजून पहिलंच. म्हाताऱ्या माणसाला खात्री राहत नाही, मग तो चार-चारदा टाके घालून बघत बसतो.

ताईला फोन केला. ती म्हणाली, हात थरथरतात का? मी म्हटलं नाही, पण हातातून गोष्टी सुटतात. असं म्हटलं खरं. सुटलेली एकही गोष्ट मला आठवेना, पण एकदा बोलले ते बोलले.

बुधवार, १४ जानेवारी

बाईंकडे. त्यांना बाबांचंच सांगत बसले. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, “आणि तुमचं टिपण?” मी म्हटलं, चाललंय. “त्याआधी हातात काय असतं?” मी म्हटलं, काम असतं, माझ्या हातात दुसरं काय असणार? “कामाचा कुठला भाग?” आता या बाईंना शिलाई मशीनच्या कामाचे भाग काय सांगणार, कपाळ? मी म्हटलं, सगळेच भाग. त्यांनी मान डोलावली. मला ती मान डोलावणं अजिबात आवडत नाही.

बाहेर पडताना जिन्यातच तीन उत्तरं दिली. दोन हिरव्या.

गुरुवार, १५ जानेवारी

दहा वीस, हातात पडदेवाल्याचं मशीन, सुईची उंची लावत होते. अकरा, तेच मशीन, वरचं झाकण बसवत होते. अकरा दहा, झाकण. अकरा पंचवीस, झाकण. कट्ट्यावर एक बाई अडल्या होत्या, त्यांचा दोरा खालून गुंतत होता, त्यांना चार फोटो काढायला लावले तेव्हा कुठे कळलं. दोरा दांडीत ओवलाच नव्हता! किती खूश झाल्या. ‘ताई, तुम्ही देवासारख्या भेटलात’ असं लिहिलं. दिवसभर अंगावर मूठभर मांस चढलं.

बाबांनी विचारलं, “झालं का गं पडदेवाल्याचं?” मी म्हटलं, हो हो, बघते ना, दिसत नाही का कामात आहे ते.

सोमवार, १९ जानेवारी

पडदेवाला आला. सुई चालता चालता गळून पडली, कापडात भोक, आख्खा पडदा वाया. चिंधी निळी.

आता मात्र मी मनाचा हिय्या केला. दुपारी दुकानात कुणी नसताना बाबांना म्हटलं, “बाबा, तुम्ही आता मशीन बंद करायचं नाही. उघडायचंही नाही. पुसा, तेल द्या, गल्ल्यावर बसा.”

मला वाटलं होतं चिडतील. बाबांचा पारा या बाबतीत प्रसिद्ध आहे. एकदा एका माणसाने नुसतं “नीट बघितलंत ना?” असं विचारलं तर त्याचं मशीन उचलून रस्त्यावर ठेवलं होतं. पण आज स्वतःचे हात समोर धरून बघत बसले, तळवे वर, तळवे खाली. मग म्हणाले, “मला वाटत होतं की आवाज ऐकण्यापलीकडे मी पडदेवाल्याच्या मशीनला हातच लावला नाही. बघ, इतकं विसरायला लागलोय.”

बरं झालं, त्यांनी मान्य केलं. भांडण झालं नाही. तरी दिवसभर चैन पडली नाही. आज ७४. हा आकडा बाईंना सांगणार नाही.

शुक्रवार, २३ जानेवारी

ताईने वेळ घेतली होती, बाबांना स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बरे होते, हळू बोलत होते. बाबांनी नवा शर्ट घातला होता, परीक्षेला निघाल्यासारखा. शंभरातून सात, त्यातून सात, असं वजा करायला लावलं. बाबांनी धडाधडा केलं. मग तारीख विचारली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना येत होती, मला माहीत आहे, सकाळीच कॅलेंडरपाशी उभे होते. पण म्हणाले, “तेवीस. का बावीस? हिला विचारा.”

डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. डॉक्टर असंच म्हणतात. ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, “उत्तम म्हणतायत गं ते. तुला नक्की काय दिसलं?” मी म्हटलं, मी रोज बघते त्यांना, तू आठवड्यातून एकदा बघतेस. मी उगाच टोचून बोलले.

आत बाबांचं रक्त काढत होते तेव्हा बाहेर बाकावर बसून दोन उत्तरं दिली. हातात काय होतं? बाबांचा चष्मा आणि पाकीट.

बुधवार, २८ जानेवारी

बाईंना ४० वर आल्याचं सांगितलं. खरंच ४० आहे, कालचा. त्या दिवशी वीज नव्हती हे सांगितलं नाही.

कट्ट्यावर आता माझ्या वर फक्त एकच जण. हात सारखे शिवशिवतात. मशीनपुढे बसलं की कुणीतरी तिकडे वाट बघतंय असं वाटत राहतं, आणि फोन हातात घेतला की मशीन वाट बघतंय असं वाटतं. कुठेच बूड टेकत नाही. उभ्याने जेवते. बाबा म्हणाले, “बस जरा.” बसले, तर मांडीवर फोन.

गुरुवार, २९ जानेवारी

आज बाबा दुकानात खाली उतरले नाहीत. मला वाटलं उशीर झाला असेल. जेवायला वर घरी गेले तर खिडकीपाशी बसलेले. माझ्या हातात जुन्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. त्यांचे पाच स्क्रू-ड्रायव्हर. लाकडी मुठीचे, मुठी त्यांच्या पंजात बसतील अशा झिजलेल्या. “ठेव तुझ्या खणात. माझ्याजवळ असले की हात लावावासा वाटतो. कुणाचा डोळा जायचा.”

मी घेतले. सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते, खरं लिहायचं ठरलंय ना. आता निदान चुका होणार नाहीत.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

एकटीने दुकान म्हणजे नाकी नऊ आले. उघडणं माझं, पुसणं माझं, गिऱ्हाईकही माझंच.

बारा दहा, हातात पिशवीवाल्याचं मशीन, बंद करत होते. बारा वीस, तेच. साडेबारा, तेच. एकाने विचारलेलं की कापड पुढे सरकत नाही. कापड ओढणाऱ्या दात्यांखाली कचरा असणार. कचराच होता! फोटोत वाटीभर निघाला.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज वेळा टिपल्या नाहीत.

पिशवीवाला मशीन घेऊन परत. दात्यांच्या वरच्या पट्टीचा एक स्क्रू जागेवरच नाही. चिंधीवर टाके निळे.

निळे! बाबांनी दुकानात पाऊल ठेवून आठवडा झाला. म्हणजे मी जेवायला वर जाते, नाहीतर अंघोळीला, तेव्हा हे गुपचूप खाली उतरतात आणि माझं झालेलं काम पुन्हा उघडतात! अंगाचा तिळपापड झाला. तशीच वर गेले. “बाबा, तुम्ही खाली आला होतात? मंगळवारी? पिशवीवाल्याचं मशीन उघडलंत?”

बाबा पार गोंधळले. माझ्याकडे बघितलं, मग जिन्याकडे. म्हणाले, “आलो असेन बाई. आठवत नाही. तू म्हणतेस तर आलोच असेन.”

मग हळूच, “दुकानाला कुलूप लावून ठेवत जा गं.”

मी खाली येऊन त्यांचे स्क्रू-ड्रायव्हर, निळं रीळ, सगळं खणात टाकलं आणि खणाला कुलूप घातलं. किल्ली गळ्यात. ताईला फोन केला, म्हटलं, वाढत चाललंय. ती रडली. मी नाही रडले. मी एकवीस उत्तरं दिली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

सकाळी पिशवीवाल्याचं मशीन पुन्हा केलं. स्क्रू घातला, आवळला, झाकण लावलं. चिंधी घातली. दोऱ्यासाठी हात पुढे केला, समोर नेहमी रीळ असतं तिथे नाही. खणात, कुलपात. मग फळीवरचं माझं लाल घेतलं.

मशीनवर बसेना. बसेना म्हणजे, नवीन रिळाच्या दोन्ही टोकांना गोल कागद चिकटवलेला असतो, पहिल्यांदा खुंटीवर दाबून बसवलं की तो टक्कन फाटतो. माझ्या रिळाचा कागद अख्खा होता. दोन्ही बाजूंनी. वर धूळ.

ऑगस्टमध्ये आणलेलं रीळ. ऑगस्टपासून मी ते एकदाही खुंटीवर चढवलेलं नाही. एकदाही नाही. आणि या सहा महिन्यांत मी शंभर तरी मशीनं बंद केली असतील.

मग मी शिवलं कशाने? जे समोर होतं त्याने. बाबा आवाज ऐकायला निळा दोरा ओवतात, तो तसाच राहतो, आणि मी एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने तोच दोरा चालवते. रीळ बदलायला दोन हात लागतात. पिशवीवाल्याचं मशीनही बाबा खाली यायचे तेव्हाच आलेलं, त्यांचा दोरा त्यावर होताच.

ही वही उघडली. सहा जानेवारी, साडेअकरा, गणवेशवालीचं मशीन, खालचा भाग बंद करत होते. माझ्याच अक्षरात. पंधरा तारीख, सुईची उंची. तीन तारीख, बंद करत होते. कट्ट्यावर प्रत्येक उत्तराची वेळ मिनिटासकट असते. लावून बघितली. आता इथे पुन्हा लिहीत नाही, लिहवत नाही.

बाई विचारत होत्या कामाचा कुठला भाग. शेवटचा. दर वेळी शेवटचा. उघडताना, पुसताना मी फोनला फारसा हात लावत नाही. बंद करायची वेळ आली, आता हे माझ्या नावावर जाणार असं झालं, की मी पळते. तिकडे कुणी मशीन परत आणून टेबलावर आपटत नाही ना. तिकडे चुकलं तरी दुसरा प्रश्न असतो.

बाबांनी एकाही मशीनचा एकही स्क्रू सोडलेला नाही. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. मी त्यांचे हात काढून घेतले.

दुकान बंद करून आत बसले. रडले भरपूर. मध्ये फोन वाजला तर डोळे पुसून बघितला. हेही लिहून ठेवते. इतकी निर्लज्ज आहे मी.

शनिवार, ७ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. सरळ पाय धरले. “बाबा, तुमचं काही चुकलेलं नाही. सगळं माझ्या हातून झालं. तिन्ही मशीनं माझी.”

माझं पुरतं बोलणं झाल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, “लहानपणापासून अशीच तू. ताईने कप फोडला तरी मी फोडला म्हणून पुढे यायचीस. उगाच माझी समजूत काढू नकोस.”

“समजूत नाही हो बाबा! खरंच!”

“मी खाली आलो होतो मंगळवारी. मला आठवलं काल. जिना उतरलो, तू नव्हतीस, मशीन उघडंच होतं. मला आठवतंय.”

नाही आले होते ते! मंगळवारी दुपारी मी दुकानातून हललेच नव्हते, फोनची वेळ सांगते. जे घडलंच नाही ते मी विचारलं, आणि माझ्या विचारण्यावरून या माणसाने ते आठवून काढलं.

रविवार, ८ फेब्रुवारी

लाल रीळ नेऊन दाखवलं. कागद दाखवला. म्हणाले, “नवं आणलं असशील.” वही दाखवली. म्हणाले, “अक्षर किती बिघडलंय तुझं.” शेवटी फोन दिला हातात. कट्टा उघडून, वेळा दाखवत, हे बघा, मी तेव्हा हे लिहीत होते, मशीन समोर उघडं होतं.

बाबांनी चष्मा लावला. वेळा बघितल्याच नाहीत. उत्तरं वाचायला लागले. एक वाचलं, दुसरं वाचलं. मी म्हणत होते, बाबा, वेळ बघा, वर बारीक अक्षरात आहे. ते हाताने मला थांबवायचे. जेवण निवलं. दोन तास वाचत होते. मध्येच म्हणाले, “हे अगदी बरोबर सांगितलंस.” मध्येच, “इथे आधी चाक हाताने फिरवायला सांगायचं होतंस.” मग एका जागी थांबले.

“हा कोण गं?”

“माहीत नाही बाबा. असाच कुणीतरी.”

“याने तेच तेच चारदा विचारलंय.”

“हो.”

“चारही वेळा सांगितलंस. न चिडता.” फोन माझ्या हातात परत दिला. “किती धीर आहे तुझ्यात. मला माहीतच नव्हतं.”

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

कट्ट्यावरचं नाव काढून टाकलं. चार हजार पाचशे खुणा गेल्या. ‘नक्की काढायचं का?’ असं तीनदा विचारतात, लबाड लेकाचे.

मग तिघांकडे गेले. पडदेवाला, पिशवीवाला, दोघांनी ऐकून घेतलं. पडदेवाल्याने चार शब्द सुनावलेही, सुनावायलाच हवे होते. गणवेशवाली मात्र जाम भडकली. डोळ्याखाली खूण राहिली आहे अजून. “तुझ्यामुळे त्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले? मला काय सांगत बसलीस, त्यांना सांग!” मी म्हटलं, सांगितलं हो, त्यांचा विश्वासच बसत नाही. तिने हातातला गणवेश बाजूला ठेवला. म्हणाली, “तुझ्यावर नाही बसणार. बघते मी.”

गुरुवार, १२ फेब्रुवारी

फोन ताईकडे आहे. दुकानात जुना, बटणांचा. वाजला तर बोलायचं, नाहीतर तो काही कामाचा नाही.

दिवस संपता संपत नाही. हात आपोआप खिशाकडे जातो. मांडी थरथरल्यासारखी होते, फोन नसताना. आज झाकण लावताना तीनदा उठले. पाणी प्याले, दाराशी गेले, पुन्हा पाणी. झाकण लावायला पाच मिनिटं लागतात, मला पाऊण तास लागला. ताईला म्हटलं, हे कधी थांबतं? ती म्हणाली, माझ्याकडे रोज लोक हेच विचारतात आणि मी रोज म्हणते, उद्या बघू.

शनिवार, १४ फेब्रुवारी

दुपारी समोरच्या चहावाल्याचा फोन मागून घेतला. “पत्ता बघायचाय” म्हणून. नवीन नावाने कट्ट्यावर गेले. एक प्रश्न, एक उत्तर. हातात काय होतं? शटलची कडी.

परत येऊन कडी आवळली. मग पुन्हा सोडली, पुन्हा आवळली. चहावाल्याला सांगून आले, मी फोन मागितला तर देऊ नकोस. तो म्हणाला, “का, कुणाशी भांडण झालंय का?” मी म्हटलं, हो.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

गणवेशवाली आली. मशीन टेबलावर नाही ठेवलं, दोन माणसं बरोबर आणून थेट जिन्याने वर नेलं आणि बाबांच्या पुढ्यात ठेवलं. “हे अडतंय. तुम्हीच उघडायचं, तुम्हीच बंद करायचं. हिला हात लावू द्यायचा नाही. नाहीतर मी कायमची दुसरीकडे जाते.”

बाबा म्हणाले, “बाई, माझ्या हाताने तुमचा डोळा...”

“माझा डोळा आहे, मला ठरवू द्या.”

मी गळ्यातल्या किल्लीने खण उघडला आणि रुमाल घेऊन वर गेले. तो मी त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बराच वेळ सोडला नाही. गणवेशवाली जागची हलली नाही, चहा घेईन म्हणाली, साखर कमी. शेवटी बाबांनी गाठ सोडली. चाक हाताने फिरवलं, कान लावला. उघडलं. त्यांचे हात अजूनही किती भराभर चालतात, मी कित्येक महिन्यांत नीट बघितलेच नव्हते.

बंद करायची वेळ आली. पहिला स्क्रू आवळला आणि थांबले. माझ्याकडे बघितलं.

“बघ गं, लागलाय ना?”

बाबांनी. ज्यांना कुणी “नीट बघितलंत ना” म्हटलं तर मशीन रस्त्यावर जायचं.

मी वाकून बघितलं. “लागलाय.”

मंगळवार, २४ फेब्रुवारी

बाबा रोज खाली येतात. सकाळी दोन मशीनं, दुपारी एखादं. एकही परत आलेलं नाही. ताई म्हणते, झालं की मग! बाई म्हणाल्या, वेळ द्या.

पण प्रत्येक स्क्रूला विचारतात. आवळून झाला की हात मागे घेतात आणि माझ्याकडे बघतात. मी माझं काम सोडून उठते, बोट लावून बघते, सांगते. दुसऱ्या स्क्रूला पुन्हा. कधी कधी आधीचाच पुन्हा. काल दुपारी मी एकदा वैतागून म्हटलं, “बाबा, आत्ताच तर सांगितलं!” त्यांनी झटक्यात हात मांडीवर घेतले, आणि मग तासभर स्क्रू-ड्रायव्हर उचलला नाही. मी माफी मागितली तर म्हणाले, “नाही गं, तुझं बरोबर आहे, मीच विसरतो.” ते विसरत नाहीत हे मी त्यांना आता कितीही वेळा सांगितलं तरी ते माझ्यावर विश्वास ठेवून माझंच आधीचं बोलणं धरून बसतात.

आज पडदेवाल्याचं मशीन होतं. त्याने मुद्दाम बाबांसाठी म्हणून आणलं. बाबांनी सुई बसवली, स्क्रू आवळला.

“बघ गं, लागलाय ना?”

“लागलाय, बाबा.”

झाकण घेतलं, पुन्हा ठेवलं. “सुईचा म्हणतोय मी. लागलाय?”

माझे हात तेलाचे होते. पुसून उठले. गेले, बोट लावलं, दिवा जवळ ओढला. त्यांना दिसेल असं वाकून बघितलं. “पक्का लागलाय.”

“तू बघितलास ना?”

“मी बघितला.”

त्यांनी झाकण लावलं. त्याला चार स्क्रू आहेत. मी माझं मशीन तसंच ठेवलं, स्टूल उचलून त्यांच्या शेजारी आणून ठेवलं आणि बसले.